‘ती गाडी कुठली होती?’ : ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या, सिनेमे आणि गाणी

वळणवाट

१९६७ साली मामा इंग्लंडहून आला तेव्हा त्याने माझ्यासाठी कॉर्गी या खेळण्यांच्या कंपनीची सोनेरी अ‍ॅस्टन मार्टिन आणली होती. तळहातावर मावेल एवढी, पण वजनाला चांगली भक्कम. मागच्या एक्झॉस्टच्या नळ्या आत दाबल्या की डिकीवर ढाल उभी राहायची. दाराखालचं बारीक बटण दाबलं की छप्पर उघडायचं आणि ड्रायव्हरच्या शेजारचा माणूस हवेत उडायचा. तो माणूस महिन्याभरात आमच्या शिसवी कपाटाखाली गेला, तो कायमचाच. गाडी अजून माझ्याकडे आहे. रंग कोपऱ्यांवर उडालाय, ढाल मात्र अजूनही वर येते.

पुढे बऱ्याच वर्षांनी ‘गोल्डफिंगर’ (१९६४) हा बॉन्डपट बघितला. पडद्यावरची गाडी चंदेरी! मला वाटलं, आपली गाडी चुकीची आहे. नंतर कळलं की इतक्या छोट्या ओतीव खेळण्याला चंदेरी रंग दिला तर ते रंगवायचंच राहिलंय असं वाटेल, म्हणून कॉर्गीने सोनेरी रंग निवडला होता. १९६५ च्या नाताळात या खेळण्यावर इंग्लंडमध्ये उड्या पडल्या.

धागा काढायचं कारण असं की गेले काही महिने मी या गाड्या सिनेमात पोचल्या कशा ते वाचतोय. मला वाटायचं, कंपन्यांनी पैसे ओतले असतील, जाहिरातवाले मागे लागले असतील. बहुतेक ठिकाणी घडलंय उलटंच. कुणी नकार दिला, कुणी उसनी गाडी आणली, कुणाकडे बजेट नव्हतं.

बॉन्डचंच बघा. ‘डॉ. नो’मध्ये (१९६२) तो जमैकाच्या डोंगरात निळी सनबीम अल्पाइन पळवतो. निर्मात्यांच्या हातात पैसे बेताचे, त्यामुळे ती गाडी तिथल्याच एका रहिवाशाकडून मिळवलेली. बॉन्डची पडद्यावरची पहिली स्पोर्ट्स गाडी ती, आणि आज ती फारशी कुणाला आठवत नाही.

अ‍ॅस्टनच्या वेळीही कंपनी सुरुवातीला हात आखडूनच होती. न्यूपोर्ट पॅग्नेलचा छोटा कारखाना, हाताने ठोकून अ‍ॅल्युमिनियमची बॉडी बनवणारे कारागीर, मालक डेव्हिड ब्राउन. अ‍ॅस्टनच्या गाड्यांच्या नावातलं डीबी म्हणजे त्याच्याच नावाची आद्याक्षरं. गिअर आणि ट्रॅक्टर बनवणारा हा माणूस, त्याने १९४७ मध्ये अ‍ॅस्टन विकत घेतली. सिनेमाला गाडी दिल्याने काय होतं याचा तेव्हा कुणालाच अंदाज नव्हता. शेवटी डीबी५ चा प्रोटोटाइप मिळाला, आणि केन अ‍ॅडम (कलादिग्दर्शन) आणि जॉन स्टिअर्स (स्पेशल इफेक्ट्स) यांनी त्यात बंदुका, धूर, तेल, उडणारी सीट हे सगळं बसवलं. फिरणारी नंबरप्लेट ही दिग्दर्शक गाय हॅमिल्टनची कल्पना, कारण त्याला स्वतःला पार्किंगचे दंड भरून वीट आला होता. दंडाच्या पावत्यांमधून निघालेली ही युक्ती मला सगळ्यांत आवडते.

आणि जॅग्वारची गोष्ट. १९६२ मध्ये ‘द सेंट’ ही मालिका सुरू होणार होती, नायक रॉजर मूर. निर्मात्यांना ई-टाइप हवी होती. जॅग्वारने नाही म्हटलं. गाडी बाजारात येऊन वर्ष झालेलं, घेणाऱ्यांची रांग लागलेली, फुकट कशाला द्यायची? मग व्होल्व्होची पांढरी पी१८०० आली, आणि ती स्वीडिश गाडी ब्रिटिश नायकाची ओळख होऊन बसली. गंमत अशी की सुरुवातीच्या पी१८०० ची बॉडी स्कॉटलंडमध्ये बनत होती आणि जुळणी वेस्ट ब्रॉमिचला जेन्सनकडे होत होती. म्हणजे गाडी तशी अर्धी ब्रिटिशच! १९७८ मध्ये ‘रिटर्न ऑफ द सेंट’ आली तेव्हा मात्र जॅग्वारने एक्सजे-एस दिली.

तुम्हाला आठवणाऱ्या गाड्या सांगा. सिनेमा, मालिका, गाणी, काहीही चालेल. फक्त ब्रिटिश आणि शक्यतो स्पोर्ट्स.

मोकळा_रस्ता

भारी धागा. वाचनखूण साठवली.

लोटसला कसे विसरलात? ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ (१९७७) मधली पांढरी एस्प्री. जेटीवरून समुद्रात उडी, चाकं आत, पंख बाहेर, आणि पाणबुडी! तुमच्या मुद्द्याच्या बरोबर उलटं उदाहरण आहे ते. लोटसच्या जनसंपर्क अधिकाऱ्याला कळलं की नवा बॉन्डपट येतोय. त्याने एस्प्री नेली आणि पाइनवुड स्टुडिओच्या आवारात लोकांच्या नजरेला पडेल अशी उभी केली. विचारायलाही गेला नाही. येणारेजाणारे थांबून बघायला लागले आणि काम झालं.

सार्डिनियातल्या वळणांवरचा पाठलाग बघताना लक्षात ठेवा, त्यातली बरीचशी गाडी लोटसच्याच रॉजर बेकरने चालवली आहे. तो तिथे गाड्यांची देखभाल करायला गेला होता. एकदा गाडी जागेवर न्यायची म्हणून त्याने ती अशी काही पळवली की दिग्दर्शकाच्या मंडळींनी त्यालाच चाकामागे बसवलं.

पाण्याखालचं वाहन फ्लोरिडातल्या पेरी ओशनोग्राफिक्सने बनवलं. आत हवा नव्हती, पूर्ण पाणी भरलेलं असायचं, आणि चालवणारा पाणबुड्याच्या पोशाखात, पाठीवर टाकी लावून. पडद्यावर बॉन्ड झालेला मूर कोरडाठाक दिसतो ते सगळं स्टुडिओत. ती पाणबुडी पुढे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका भाड्याच्या गोदामात पडून राहिली. १९८९ मध्ये एका माणसाने गोदामातला माल न बघताच सुमारे १०० डॉलरला घेतला, ताडपत्री काढली तर आत ही. २०१३ च्या लिलावात ती इलॉन मस्कने घेतली, साडेपाच लाख पौंडांना.

शांत_दुपार

धागा आवडला, पण ‘नकार आणि योगायोग’ हे मला पूर्ण पटत नाही. चांगला दिग्दर्शक गाडी निवडतो तेव्हा तो पात्रच निवडत असतो. दोन उदाहरणं देते.

हिचकॉकचा ‘द बर्ड्स’ (१९६३). टिपी हेड्रनची मेलनी श्रीमंत घरची, मनात आलं की उठून निघणारी. तिच्याकडे अ‍ॅस्टन मार्टिन डीबी२/४, उघड्या छपराची. ती सॅन फ्रान्सिस्कोहून बोडेगा बेला जाते आणि पायाशी पिंजऱ्यात दोन लव्हबर्ड्स आहेत. गाडी उजवीकडे वळते तेव्हा पक्षी एका बाजूला कलतात, डावीकडे वळते तेव्हा दुसऱ्या बाजूला, दोघंही अगदी एका लयीत. संवाद नाही. गाडी किती वेगात आहे, बाई कशी चालवते आणि पुढे पक्ष्यांचं काहीतरी होणार आहे, हे सगळं त्या दोन कलणाऱ्या पाखरांतून कळतं. मोठ्या अमेरिकन गाडीत हे झालं नसतं, ती वळणावर होडीसारखी डुलली असती. इथे गाडी रस्त्याला चिकटून आहे आणि हलतात ते फक्त पक्षी.

दुसरं, फेलिनीचा ‘ला दोल्चे व्हिता’ (१९६०). मार्चेल्लो मास्त्रोयानीकडे ट्रायम्फ टीआर३. रोममध्ये, इटलीत, जिथे फेरारी आणि आल्फा बनतात, तिथे हा वार्ताहर इंग्लिश गाडी घेऊन फिरतो. टीआर३ चं दार मधोमध इतकं खाली कापलेलं आहे की बसल्या जागेवरून हात रस्त्याला लागेल. त्या गाडीत बसलेला माणूस लपू शकत नाही, फोटोवाले त्याला कुठूनही गाठू शकतात. त्या सिनेमात लपायला जागा नसणं हीच तर गोष्ट आहे. (पापाराझी हा शब्दही याच सिनेमातल्या पात्राच्या नावावरून आला, हे बहुतेकांना माहीत असेल.)

तेव्हा योगायोग असेल, पण तो सगळीकडे नाही.

वळणवाट

शांत_दुपार, पक्ष्यांचा तो प्रसंग मी तीनदा पाहिलाय आणि प्रत्येक वेळी नजर पक्ष्यांवरच राहिली, गाडीकडे लक्षच गेलं नाही. तुमचं म्हणणं मान्य. ‘बहुतेक ठिकाणी’ हे शब्द मागे घेतो.

तुमच्या बाजूने एक मीही देतो. ‘हॅरल्ड अँड मॉड’ (१९७१). मरणाच्या नादी लागलेला श्रीमंत घरचा मुलगा, त्याची आई त्याला कोरी ई-टाइप भेट देते. तो वेल्डिंगची टॉर्च घेऊन बसतो, मागची बाजू कापतो आणि तिची शववाहिका करतो. काळी, लांबलचक, पुढून ई-टाइप आणि मागे शवपेटी ठेवायची चौकोनी खोली, काचेला पडदे. आईने दिलेली जगातली सगळ्यांत देखणी वस्तू तो स्वतःच्या भाषेत बदलून घेतो. त्या जागी दुसरी कुठलीही गाडी असती तर इतकं काळजात रुतलं नसतं. शेवटी कड्यावरून जाते तेव्हा तर बघवत नाही.

ध्वनिमुद्रिका

गाण्यांकडे कुणीच वळलं नाही अजून, म्हणून मी येते.

१९६४ चं जॅन अँड डीनचं ‘डेड मॅन्स कर्व्ह’. लॉस एंजेलिसमधल्या सनसेट बुलेव्हार्डवर रात्री दोन गाड्यांची शर्यत लागते. एक कॉर्व्हेट स्टिंगरे, दुसरी जॅग्वार एक्सकेई (ई-टाइपला अमेरिकेत हेच नाव). गाण्याच्या शेवटी गाणारा दवाखान्यात डॉक्टरला हकीगत सांगतोय. लिहिणाऱ्यांत स्वतः जॅन बेरी आणि बीच बॉइजचा ब्रायन विल्सनही होता. दोन वर्षांनी, १२ एप्रिल १९६६ ला जॅन बेरीची कॉर्व्हेट बेव्हर्ली हिल्समध्ये उभ्या ट्रकवर आदळली. गाण्यातल्या वळणापासून ती जागा लांब नाही. तो वाचला, पण मेंदूला इतका मार होता की चालणं-बोलणं पुन्हा शिकावं लागलं. मला आता ते गाणं ऐकताना त्यातला हॉर्नचा आवाज नकोसा होतो.

त्याच्या आधी, १९६० मध्ये चक बेरीचं ‘जॅग्वार अँड थंडरबर्ड’. तिथेही शर्यत, अमेरिकन गाडी विरुद्ध इंग्लिश गाडी. आणि एल्व्हिस! ‘ब्लू हवाई’मध्ये (१९६१) तो लाल एमजीए घेऊन बेटावर फिरतो. ती लाल एमजीए आज ग्रेसलँडमध्ये, एल्व्हिसच्या घरी, ठेवलेली आहे.

अमेरिकन गाण्यांत इंग्लिश गाड्या इतक्या कशा, हा प्रश्न मला पडायचा. उत्तर युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये आहे. देश कर्जात बुडालेला, डॉलर हवेत. सरकारने कारखान्यांना सांगितलं, निर्यात कराल तर पोलाद मिळेल. मग एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार बनायच्या इंग्लंडमध्ये आणि जायच्या कॅलिफोर्नियात. त्यातच युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना एमजीची चव लागलेली. पहिली एमजी टीसी तर फक्त उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची होती, तरी ती अमेरिकेत खपली. तिथल्या पोरांना घरच्या गाड्या म्हणजे जहाजं, आणि ही एवढीशी, जमिनीला टेकलेली, वारा तोंडावर घेणारी. गाणं कशावर लिहिणार मग?

आणि आता माझा सगळ्यांत लाडका किस्सा. कॅनडाच्या ‘रश’ या बँडचं ‘रेड बार्चेट्टा’ (१९८१, ‘मूव्हिंग पिक्चर्स’ अल्बम). भविष्यकाळात जुन्या गाड्यांवर बंदी आहे, एक तरुण रविवारी काकाच्या शेतावर जातो, काकाने जपून ठेवलेली जुनी लाल गाडी काढतो आणि चालवतो. सगळे त्याला फेरारीचं गाणं म्हणतात, आणि आहेच ते. पण ज्या कथेवरून रशचा गीतकार नील पर्टला हे सुचलं ती रिचर्ड फॉस्टरची कथा नोव्हेंबर १९७३ मध्ये ‘रोड अँड ट्रॅक’ मासिकात आली होती, आणि त्या कथेतली गाडी आहे एमजीबी! अमेरिकेत सुरक्षेचे नियम कडक होत होते त्या काळात लिहिलेली गोष्ट. त्यात भल्यामोठ्या ‘सुरक्षित’ गाड्यांचे मालक जुन्या छोट्या गाड्यांना मुद्दाम धडक देतात, कारण त्यांना स्वतःला काहीच होत नाही. पर्टला तेव्हा लेखकाचा पत्ता लागला नव्हता. दोघं भेटले थेट २००७ मध्ये, आणि दोघांनी मिळून मोटरसायकलवर भटकंती केली.

ते कळल्यापासून त्या गाण्यात मला फेरारी दिसतच नाही. ढग दाटलेली सकाळ, छप्पर दुमडलेली एमजीबी आणि एक माणूस, एवढंच दिसतं.

मोकळा_रस्ता

एमजीबीचं माहीत नव्हतं! गाणं कॉलेजपासून ऐकतोय. आत्ता परत लावलंय.

बीटल्सपैकी कुणाकडे काय होतं?

ध्वनिमुद्रिका

पॉल मॅकार्टनीने १९६४ मध्ये डीबी५ घेतली होती, निळी. डॅशबोर्डमध्ये रेकॉर्ड प्लेअर, फिलिप्सचा ‘ऑटो-मिन्यॉन’. त्यात ४५ ची तबकडी फटीतून आत सरकवायची, आपल्या सीडीसारखी. सीटच्या चामड्यावर संगीतातल्या स्वरांची चिन्हं शिवलेली. जॉर्ज हॅरिसन तर गाड्यांचा वेडाच होता, फॉर्म्युला वनच्या शर्यती बघायला जगभर फिरायचा. ‘फास्टर’ (१९७९) हे त्याचं गाणं रेसिंग ड्रायव्हर लोकांसाठीच आहे. ‘हे ज्यूड’ची सुरुवातही गाडीतच झाली. १९६८ मध्ये जॉन लेनन बायकोपासून वेगळा झाला तेव्हा पॉल त्याची बायको सिंथिया आणि छोटा मुलगा ज्युलियन यांना भेटायला वेब्रिजला चालला होता आणि वाटेत गुणगुणू लागला. आधी ‘हे ज्यूल्स’ होतं, मग ज्यूड झालं. लंडनहून तासाभराचा रस्ता, गाडीत एकटा माणूस आणि दुसऱ्याच्या लेकराची काळजी. मला ते गाणं म्हणूनही प्रवासातलं वाटतं.

पाना_बारातेरा

नमस्कार मंडळी. मी सिनेमातला नाही, हातात पाना घेणारा आहे. पुण्यात माझं छोटं गॅरेज आहे, जुन्या गाड्यांचं. तेव्हा आतली बाजू सांगतो.

सिनेमात या गाड्यांचा जो आवाज येतो तो अर्ध्याहून जास्त एसयू कंपनीच्या कार्बोरेटरचा, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जॅग्वार, सगळ्यांना हाच. दोन नाहीतर तीन, ओळीने बसवलेले, डोक्यावर पितळी टोपण. टोपण काढलं की आत एक पिस्टन, त्याच्या खाली निमुळती होत गेलेली सुई. इंजिन हवा ओढेल तसा पिस्टन वर जातो, सुई जेटमधून बाहेर येते आणि पेट्रोलची वाट मोठी होते. बस, इतकंच. वरच्या नळीत पातळ तेल घालायचं, म्हणजे पिस्टन एकदम उडत नाही.

दोन्ही कार्बोरेटर सारखे लावणं ही खरी कला. आमचे उस्ताद हातभर रबरी नळी घ्यायचे. एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आधी पहिल्याचा ‘सूऽऽ’ ऐकायचा, मग दुसऱ्याचा. दोन्हीचा आवाज जुळेपर्यंत स्क्रू फिरवायचे. मग पिस्टन खालच्या पिनने अगदी केसभर उचलायचा. इंजिन वाढून वाढलेलंच राहिलं तर पेट्रोल जास्त. इंजिन बसायला लागलं तर पेट्रोल कमी. जरासं वाढून पुन्हा जागेवर आलं की झालं. उस्ताद डोळे मिटून करायचे. आज माझ्याकडे हवा मोजायचं मीटर आहे, तरी शेवटचा हात मी नळीनेच फिरवतो.

माझं एक दुःख पण सांगतो. एका गिऱ्हाइकाच्या एमजीचे पुढचे क्रोमचे भाग एका ठिकाणी प्लेटिंगला दिले होते. त्यांनी ग्रिलच्या पट्ट्या पॉलिशच्या चाकावर इतक्या दाबून धरल्या की कडा गोल झाल्या. कागदावर काम ‘पूर्ण’. या गाड्यांचा चेहरा म्हणजे ते ग्रिल, ते गेलं की सगळं गेलं. इंग्लंडहून नवं मागवायला चार महिने गेले. तेव्हापासून क्रोमला काही द्यायचं असेल तर मी तिथे स्टूल टाकून बसतो.

अवांतर : आपल्याकडची स्टँडर्ड हेराल्ड आठवते का कुणाला? १९६१ पासून मद्रासला बनायची. ती मुळात ट्रायम्फ हेराल्ड, आखणी इटलीच्या जोव्हान्नी मिकेलॉत्तीची. त्याच हेराल्डची चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर काढली, आखणी पुन्हा मिकेलॉत्तीचीच. दोन्ही गाड्यांचं बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटतं, मगरीने जबडा उघडावा तसं. म्हणजे आपल्या पेठांतून, दादर-गिरगावातून सत्तरीत ज्या हेराल्ड फिरत होत्या त्या स्पिटफायरच्या सख्ख्या बहिणी.

शांत_दुपार

पाना, किती सुंदर लिहिलंत. रबरी नळीचा आवाज वाचताना ऐकू आला.

आमच्या वडिलांकडे हेराल्ड होती! फिकट हिरवी. ते बॉनेट उघडायचे आणि पुढच्या टायरवर बसून इंजिनात हात घालायचे. आम्हा मुलांना वाटायचं सगळ्या गाड्या अशाच उघडतात. ती स्पोर्ट्स गाडीची बहीण आहे हे आज कळलं. त्यांना सांगायला ते आता नाहीत.

कॉव्हेंट्रीकर

उशिरा आलो. मी दहा वर्षं कॉव्हेंट्रीत राहतो, म्हणजे या धाग्यातल्या निम्म्या गोष्टींच्या माहेरी.

ई-टाइप इथल्या ब्राउन्स लेनच्या कारखान्यात बनली. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली. बघणाऱ्यांची गर्दी एवढी झाली की चालवून दाखवायला एक गाडी पुरेना. जॅग्वारचा प्रमुख विल्यम लायन्सने कॉव्हेंट्रीला फोन केला, आणि टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस संध्याकाळी हातातलं काम टाकून दुसरी गाडी घेऊन निघाला. डोव्हरला बोट, मग फ्रान्स रातोरात कापून सकाळी जिनिव्हात हजर. आल्या आल्या लोकांना चकरा मारायला लागला. जाहिरातीतला वेग ताशी १५० मैल, किंमत दोन हजार पौंडांच्या थोडी वर. तेवढ्या वेगाच्या दुसऱ्या गाड्या याच्या दुप्पट पैशांना मिळायच्या.

तिचा आकार माल्कम सेयरचा. तो ब्रिस्टल एअरप्लेन कंपनीत विमानांवर काम करून आलेला. स्वतःला तो स्टायलिस्ट म्हणवून घ्यायचा नाही, वळणं गणिताने काढायचा. हवा कशी वाहील त्याचा हिशेब मांडत गेला आणि निघालं ते हे. शांत_दुपार यांच्या मुद्द्याला जोड म्हणून सांगतो, दिग्दर्शक अशा गाड्यांकडे वळले कारण त्या उभ्या असतानाही धावताना दिसतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६ मध्ये एक निळी ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली, शिल्प ठेवावं तशी.

ब्राउन्स लेन आता नाही. २००५ मध्ये तिथली जुळणी बंद झाली, इमारती पाडल्या. मी मुद्दाम गेलो होतो. नवीन घरं, नवीन शेड, मुलं सायकली चालवत होती. जॅग्वार लँड रोव्हर २००८ पासून टाटांकडे आहे हे आपल्याला ठाऊक आहेच. इथे ऑफिसच्या कँटीनमध्ये दुपारी मराठी कानावर पडतं, पिंपरी-चिंचवडचे कितीतरी जण भेटतात. ज्या कंपनीने ‘द सेंट’ला गाडी नाकारली तिचा मालक आज मुंबईत बसतो, हे वळणवाट यांच्या लेखात यायला हवं होतं असं वाटलं.

अजून एक. ‘द इटालियन जॉब’ (१९६९) मध्ये मिनी कूपर गाड्या सोनं घेऊन तुरिनच्या गटारातून पळतात ना, ते गटार तुरिनचं नाहीच. ते कॉव्हेंट्रीतलं! इथे मोठे सांडपाण्याचे पाइप टाकायचं काम चालू होतं, त्यात ते चित्रण झालं. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर.

मोकळा_रस्ता

मिनी स्पोर्ट्स गाडी धरायची का? धाग्याच्या नियमात बसते का बघा, नाहीतर मी दोन पानं लिहीन.

वळणवाट

लिहा! कूपर एसने १९६४ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली आहे, तिला बाहेर ठेवणारा मी कोण? आणि माझ्या मुद्द्यालाही ती बळ देते. त्या सिनेमाला मिनी बनवणाऱ्या बीएमसीने फारशी मदत केली नाही. उलट फिअ‍ॅटने हव्या तेवढ्या गाड्या देऊ केल्या, तुरिनमधलं आपलं आवार वापरू दिलं. तरी निर्माते मिनीवर अडून बसले, कारण गोष्टच इंग्रजांनी इटलीत जाऊन केलेल्या चोरीची. सिनेमाचा नायक मायकेल केनला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती, हे कळल्यावर मी सिनेमा पुन्हा बघितला. तो चाकामागे बसतो, पण गाडी चालवताना दिसत नाही.

त्याच सिनेमात पुढे माफियावाले दोन ई-टाइप चिरडतात आणि अ‍ॅस्टन डीबी४ दरीत ढकलतात. ते दृश्य मी पुढे सरकवतो.

कॉव्हेंट्रीकर, टाटांचं खरंच राहून गेलं. आभार.

तिसरी_घंटा

मालिकांमधली सर्वांत मोठी गाडी राहिलीच की! ‘द प्रिझनर’ (१९६७). सुरुवातीची श्रेयनामावली, मोकळा रस्ता, हिरवी लोटस सेव्हन, पिवळं नाक, नंबर केएआर १२०सी. पॅट्रिक मॅकगूहन वाऱ्यात डोळे बारीक करून येतो, भूमिगत गॅरेजमध्ये शिरतो, राजीनामा टेबलावर आपटतो. पुढे त्याचं अपहरण होतं आणि तो वेल्समधल्या पोर्टमेरियनच्या त्या रंगीत गावात डांबला जातो. तिथे त्याला नाव नाही, फक्त आकडा, सहा. म्हणजे मालिकेत तो मोकळा माणूस म्हणून दिसतो तो जवळपास फक्त त्या गाडीत.

सेव्हन म्हणजे काय, तर नळ्यांचा सांगाडा, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, इंजिन, चार चाकं. दार नाही. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमनचं एकच म्हणणं, वजन काढा. तेव्हा इंग्लंडमध्ये तयार गाडीवर खरेदीकर बसायचा, सुट्या भागांवर नाही. म्हणून लोक ती खोक्यांतून घरी न्यायचे आणि अंगणात जोडायचे. म्हणजे पडद्यावरच्या नायकाची गाडी आणि शेजारच्या तरुणाने स्वतः जोडलेली गाडी एकच. अ‍ॅस्टन कुणी घरी जोडत नाही!

शेवटच्या भागाच्या वेळेपर्यंत मूळ गाडी विकली गेली होती. मग दुसरी सेव्हन आणली, तिला तोच नंबर लावला. ती गाडी आणून देणारा मेकॅनिक जो पडद्यावर दिसतो तो खरा विक्रेता, केटरहॅमचा ग्रॅहम निअर्न. १९७३ मध्ये लोटसने सेव्हन बंद करायची ठरवली तेव्हा तिचे हक्क त्यानेच घेतले, आणि केटरहॅम आजही ती बनवते. १९९० मध्ये त्यांनी ‘प्रिझनर’ आवृत्ती काढली. सहा नंबरची गाडी मॅकगूहनला दिली.

ध्वनिमुद्रिका

सहा नंबर त्यालाच! अंगावर काटा आला.

पाना_बारातेरा

शांत_दुपार ताई, तुमच्या वडिलांची हेराल्ड वाचून एक सांगायचं होतं. माझ्याकडे सध्या एक हेराल्ड उभी आहे, साताऱ्याकडून आलेली. मालकाच्या आजोबांची. पंधरा वर्षं गोठ्यात होती, सीटमध्ये उंदरांनी घरं केलेली, पण चासी शाबूत. रंग घासला तर खालून फिकट हिरवा निघाला. इंजिन गेल्या आठवड्यात फिरलं. अजून धूर काढते, पण फिरलं.

पुण्यात असाल तर रविवारी सकाळी या. बॉनेट उलटून ठेवतो. पुढच्या टायरवर बसायला जागा आहे.